निर्जंतुक : पसरणी घाटातून महाडपर्यंत एका शब्दाचा प्रवास

१.
वाईहून पसरणीचा घाट चढला की पाचगणी येते. पाचगणीहून पुढे महाबळेश्वर, तेथून आंबेनळी घाट उतरून पोलादपूर आणि मग महाड. स्ट्रॉबेरी आणि टेबललँडसाठी हा रस्ता सर्वांना ठाऊक आहे. मराठी माणसाने ‘स्वच्छ’ कशाला म्हटले, याचा इतिहासही याच रस्त्याच्या कडेने उभा आहे. वाईला मराठी विश्वकोशाचे कार्यालय, पाचगणीला क्षयरोग्यांचे आरोग्यधाम आणि महाडला चवदार तळे. या तीन ठिकाणांच्या आधारे ‘निर्जंतुक’ या शब्दाची कथा सांगता येते.

२.
२०२० नंतर हा शब्द घरोघरी पोहोचला. हात निर्जंतुक, भाजी निर्जंतुक, लिफ्टचे बटण निर्जंतुक. बोलताना तो ‘स्वच्छ’ किंवा ‘शुद्ध’ यांच्या जागी सहज वापरला जातो. मात्र हे तीन शब्द तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. त्यांची सरमिसळ झाली की केवळ भाषा बिघडत नाही, माणसांची अप्रतिष्ठा होते. गेल्या सव्वाशे वर्षांत हे महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा घडले आहे.

३.
आधी शब्दाची घडण. ‘निस्’ आणि ‘जंतु’ यांच्या संधीने ‘निर्जंतु’ होते. त्याला बहुव्रीहीचा ‘क’ लागून ‘निर्जंतुक’, म्हणजे ज्यात जंतू नाहीत असे. त्यापुढचे ‘निर्जंतुकीकरण’ अधिक बोलके आहे. त्यातला ‘की’मधला दीर्घ ईकार हा संस्कृत व्याकरणातील ‘च्वि’ प्रत्ययाचा अवशेष. जे पूर्वी तसे नव्हते ते तसे करणे, हा या प्रत्ययाचा अर्थ. म्हणजे वस्तू मुळात निर्जंतुक नसते, ती तशी करावी लागते, हे व्याकरणातच नोंदलेले आहे.

४.
मराठीत याआधी स्वच्छतेचे शब्द कमी नव्हते. ‘स्वच्छ’ म्हणजे सु + अच्छ, अतिशय पारदर्शक. हा डोळ्यांचा शब्द आहे. ‘निर्मळ’ म्हणजे मळ नसलेले. तोही दिसणाऱ्या मळाविषयी बोलतो. ‘शुद्ध’ आणि ‘पवित्र’ हे विधीचे शब्द. आणि घरात रोज राबणारी जोडी म्हणजे ‘सोवळे-ओवळे’. स्नानानंतर नेसलेले रेशमी मुकटे किंवा लोकरीची धाबळी सोवळ्यात चाले. धुतलेले सुती वस्त्रही कोणी शिवले की ओवळे होई. कापडावर काय आहे, यापेक्षा कापडाला कोणी स्पर्श केला, हा तेथे निर्णायक प्रश्न होता.

५.
‘जंतू’ हा शब्दही आज ज्या अर्थाने वापरतात तसा नव्हता. संस्कृतात ‘जन्’ म्हणजे जन्मणे. जो जन्मला तो जंतू. त्यात मुंगी येते, हत्ती येतो, माणूसही येतो. ‘जीवजंतू’ या जोडशब्दात तो व्यापक अर्थ अजून टिकून आहे. लोकभाषेत त्याचेच ‘जंत’ झाले आणि ते मुलांच्या पोटात जाऊन बसले. डोळ्यांना न दिसणारा, रोग निर्माण करणारा सूक्ष्म जीव हा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकातील विज्ञानामुळे मिळाला. जीवाणू, विषाणू हे शब्द तर त्याही नंतरचे.

६.
जंतुशास्त्राच्या कितीतरी आधी ‘जंतूविरहित’ ही कल्पना एका वेगळ्याच कारणासाठी भारतात वापरात होती. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात मराठी बोलणारा मोठा जैन समाज आहे. दिगंबर मुनी मोरपिसांच्या पिच्छीने बसण्याची जागा हळुवार झाडतात. मलमूत्र विसर्जनासाठीही जीवजंतू नसलेली जागा निवडावी, हा त्यांच्या पाच समितींपैकी एकीचा नियम. त्याच्या विवेचनात ‘निर्जंतुक जागा’ असा शब्दप्रयोग भेटतो. पाणी कापडाने गाळायचे आणि कापडावर उरलेले जीव पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडायचे, हीही त्यांचीच रीत. येथे जंतू दूर करायचा तो त्याचा जीव वाचावा म्हणून. रुग्णालयात जंतू दूर करायचा तो आपला जीव वाचावा म्हणून. एकाच शब्दाला करुणेचे हे दोन परस्परविरोधी अर्थ लाभले.

७.
आता घाट चढून पाचगणीकडे. दांडेघर, गोडवली, अंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधोमध, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर हे गाव वसले. महाबळेश्वर हे इंग्रजांचे उन्हाळी ठिकाण होतेच, पण तेथील पावसाळा त्यांना सोसत नसे. डोंगराच्या पूर्व अंगाला पाऊस बराच कमी. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जॉन चेसन या इंग्रजाने पाचगणीची वसाहत उभारण्यात पुढाकार घेतला.

८.
त्या काळी रोगाचे कारण ‘वाईट हवा’ मानले जाई. दलदल, कुजलेला पाला, दाट वस्ती यांतून दूषित बाष्प उठते आणि ते रोग आणते, अशी युरोपीय वैद्यकाची धारणा होती. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच ‘वाईट हवा’. मराठीलाही हा विचार परका नव्हता. हवा बाधते, पाणी बाधते, आजाऱ्याला हवापालट हवा, हे आपण आजही म्हणतो. ‘थंड हवेचे ठिकाण’ ही संज्ञा जंतूंचा शोध लागण्यापूर्वीच्या वैद्यकाची आठवण आहे. पाचगणी जन्माला आली ती हवेवरच्या विश्वासातून.

९.
तोवर युरोपात दुसरी गोष्ट सुरू झाली होती. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नात्स झेमेलवाइस या डॉक्टरने एक नियम केला : शवविच्छेदन करून आलेल्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुतल्यावाचून बाळंतिणीला तपासू नये. एप्रिलमध्ये शंभरांपैकी अठरा बाळंतिणी दगावत होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनाच्या आसपास आले. डॉक्टरांचे हात त्याआधीही साबणाने धुतलेले, दिसायला स्वच्छच होते. ‘स्वच्छ’ या शब्दाचे अपुरेपण तेथे आकड्यांत उघड झाले. तरीही बहुतेक समव्यवसायींनी त्याचे ऐकले नाही, कारण सभ्य गृहस्थाचे हात मृत्यू पोहोचवतात हे मान्य करणे अवघड होते.

१०.
पुढे पाश्चरच्या प्रयोगांनी कुजण्याचे कारण सूक्ष्मजीव आहेत हे दाखवले. जोसेफ लिस्टर याने १८६७ मध्ये कार्बॉलिक आम्लाने जखमा धुण्याची पद्धत प्रसिद्ध केली. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जीवाणू सापडल्याचे जाहीर केले. हा दिवस आज जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळतात. आयुर्वेदाने ज्याला ‘राजयक्ष्मा’ म्हटले, कुटुंबांनी ज्याला पूर्वजन्मीचे पाप किंवा घराण्याचा दोष मानले, त्या रोगाला आता सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे कारण मिळाले.

११.
याच काळात ‘निर्जंतुक’ या शब्दाला त्याचा काटेकोर अर्थ आला. १८७९ मध्ये पाश्चरचा सहकारी चार्ल्स शांबेरलां याने ऑटोक्लेव्ह बनवला. साध्या उकळत्या पाण्यात बहुतेक जीवाणू मरतात, पण काहींचे कणखर बीजाणू तग धरतात. दाबाखालच्या वाफेत १२१ अंश सेल्सिअस तापमान साधारण १५ मिनिटे राखले की तेही संपतात. शास्त्रात ‘निर्जंतुक’ म्हणायचे ते यानंतरच. त्याला तरतम नाही : ‘थोडे निर्जंतुक’, ‘अधिक निर्जंतुक’ असे काही नसते. बाटलीवर ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ असे छापलेले असते, तेव्हा दहा लाखांपैकी एक हजार जंतू शिल्लक राहू शकतात. ते द्रव्य उपयुक्त असेल, पण त्याने पुसलेले टेबल निर्जंतुक नव्हे.

१२.
येथे मराठीने एक चोखंदळपणाही दाखवला. इंग्रजीत ‘स्टराइल’ या एकाच शब्दात नापीक जमीन, अपत्य न होणारा प्राणी आणि जंतूविरहित सुई अशी सगळी मोट बांधलेली आहे. मराठीत भटक्या कुत्र्यांचे होते ते निर्बीजीकरण आणि शस्त्रक्रियेच्या हत्यारांचे होते ते निर्जंतुकीकरण. परिभाषा घडवणाऱ्यांनी दोन अर्थांना दोन शब्द दिले, त्यामुळे वाचणाऱ्याचा घोटाळा टळला.

१३.
सातारा-सांगली भागात ही नवी स्वच्छता लोकांनी प्रत्यक्ष पाहिली ती रुग्णालयांत. मिरजेला विल्यम वॉन्लेस या मिशनरी शल्यचिकित्सकाचे रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले आणि तेथील शस्त्रक्रियांची ख्याती दूरवर गेली. पुढे मिरज आणि सांगलीच्या मध्ये वॉन्लेसवाडीला क्षयरुग्णांसाठी आरोग्यधामही उभे राहिले. शस्त्रक्रियेच्या टेबलावर एक गोष्ट सर्वांना समान होती : चाकू वाफेतून निघाला की नाही हे पाहायचे. तो कोणासाठी वापरला होता आणि कोणाच्या हाती होता, याने त्याच्या निर्जंतुकपणात फरक पडत नसे. सोवळ्या-ओवळ्याच्या जगात हा विचार फार नवा होता.

१४.
मात्र नवे शास्त्र सत्तेच्या हाती कसे वागते, याचा अनुभव लगेचच आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्या अमलाखाली सोल्जर घरांत शिरले, स्वयंपाकघरे आणि देवघरे तपासली, सामान बाहेर काढून जाळले, भिंतींना चुना फासला. संशयितांना वेगळ्या छावण्यांत नेले. लोकांच्या दृष्टीने घरे बाटत होती, अधिकाऱ्यांच्या दृष्टीने ती स्वच्छ होत होती. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, त्यामागे हा संताप होता.

१५.
याहून मोठा विरोधाभास शास्त्राच्या बाजूचा. मुंबईत कार्बॉलिकने घरे धुतली, गटारांत जंतुनाशक आणि समुद्राचे पाणी सोडले. पण प्लेग पसरवत होत्या उंदरांच्या अंगावरील पिसवा, आणि हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले ते १८९८ मध्ये. धुण्याच्या धडाक्याने उंदीर एका घरातून पळून शेजारच्या घरांत शिरले असणार. जंतू कोणता आणि तो कसा प्रवास करतो हे न कळता केलेले निर्जंतुकीकरण हा एक नवा कर्मकांडच ठरतो. फरक इतकाच, की गोमूत्राच्या जागी कार्बॉलिक आले.

१६.
त्याच साथीत सातारा जिल्ह्यातील नायगावच्या एका लेकीने तिसराच मार्ग दाखवला. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी पुण्याबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले, असे त्यांच्या चरित्रांत नोंदले आहे. त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पिसवांचा शोध तेव्हा लागायचा होता. ज्या मुलाला गावाने विटाळ म्हणून दूर ठेवले असते आणि सरकारने संशयित म्हणून, त्याला त्यांनी रुग्ण म्हणून जवळ केले.

१७.
१९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी पाचगणीत क्षयरोग्यांसाठी ‘बेल-एअर’ हे आरोग्यधाम स्थापन केले. कॉखच्या शोधाला तोवर तीस वर्षे झाली होती, तरी क्षयावर मारक औषध नव्हते. आरोग्यधामांचा उपचार म्हणजे उघडे व्हरांडे, विश्रांती, सकस आहार आणि ऊन. गंमत अशी, की जंतू सापडल्यावरही उपाय हवेचाच राहिला. फक्त त्याची कारणे बदलली : कोंदट अंधाऱ्या खोलीत क्षयाचे जीवाणू दीर्घकाळ टिकतात, थेट उन्हात लवकर मरतात आणि मोकळ्या वाऱ्यात विरळ होतात. चेसनच्या काळची ‘चांगली हवा’ नव्या शास्त्राने वेगळ्या अर्थाने पुन्हा स्वीकारली.

१८.
‘सॅनिटोरियम’ आणि ‘सॅनिटायझर’ हे दोन्ही शब्द ‘निरोगी’ या अर्थाच्या एकाच लॅटिन मुळातून आलेले. पहिल्यात रोग्याला बरे करण्याची कल्पना होती. दुसरा वस्तूंवरचे आणि हातांवरचे जंतू मारतो. पण समाजाने पहिल्याचाही अर्थ हळूहळू बदलला. क्षयाचा रोगी डोंगरावर जातो तो बरा होण्यासाठी, यापेक्षा तो ‘घरातून बाहेर’ जातो, हे अनेक घरांना महत्त्वाचे वाटू लागले. परतल्यावर त्याची कपबशी वेगळी, ताट वेगळे, मुलीच्या लग्नात त्याच्या आजाराची कुजबुज. क्षय पसरतो तो खोकल्यातून हवेत आलेल्या सूक्ष्म तुषारांतून, ताटवाट्यांनी नव्हे. वेगळ्या कपबशीचा नियम जंतुशास्त्रात नव्हताच. तो आधीपासून घरात होता, त्याला फक्त नवे नाव मिळाले.

१९.
स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मध्ये लागला, आयसोनियाझिड १९५२ मध्ये आले. मग प्रश्न उभा राहिला : औषधे असताना रोग्याला घरापासून तोडण्याची गरज आहे का? मद्रासमध्ये १९५६ पासून याची काळजीपूर्वक चाचणी झाली. काही रुग्णांना आरोग्यधामात, काहींना त्यांच्या गरीब, दाटीच्या घरांत तीच औषधे दिली गेली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेले रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्या माणसांना आरोग्यधामातील रुग्णांच्या घरच्यांपेक्षा अधिक लागण झाली नाही. जगभर क्षयोपचाराची दिशा त्यामुळे बदलली. रोग्याला नियमित औषध हवे होते; दूर डोंगरावर पाठवणे अनिवार्य नव्हते.

२०.
पाचगणीचे बेल-एअर पुढे रेडक्रॉसकडे आले, आणि एचआयव्हीची साथ आल्यावर त्या रुग्णांची सेवा तेथे होऊ लागली. क्षयानंतर समाजाने ज्यांना सर्वाधिक दूर लोटले, ते रुग्ण याच टेकडीवर आले हा योगायोग नव्हे. एचआयव्हीग्रस्त माणसाला शिवल्याने, त्याच्याबरोबर जेवल्याने लागण होत नाही, हे वैद्यक सांगत असतानाही ताट वेगळे झालेच.

२१.
आता महाबळेश्वर ओलांडून घाट उतरायचा. महाडचे चवदार तळे कायद्याने सर्वांना खुले होते : सी. के. बोले यांच्या ठरावावरून मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले आणि महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी तसा ठराव केला. प्रत्यक्षात मुसलमान व ख्रिस्ती तेथे पाणी भरत, गुरेढोरे पाणी पीत, अस्पृश्यांना मात्र मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो लोकांनी तळ्याचे पाणी प्यायले.

२२.
त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला आणि सनातनी मंडळींनी तळे ‘शुद्ध’ करून घेतले. दही, दूध, शेण आणि गोमूत्र यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चारात पाण्यात ओतल्या गेल्या. सूक्ष्मदर्शक असलेल्या कोणालाही विचारले असते, तर त्या घागरींनी तळ्यातले जंतू वाढवले असे उत्तर मिळाले असते. हजारो माणसांच्या ओंजळींनी जे पाणी बिघडले नाही, ते या शुद्धीने बिघडवले. ‘शुद्ध’ आणि ‘निर्जंतुक’ हे शब्द किती दूर आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा मराठी मुलखात शोधूनही सापडणार नाही. तळ्यावरील हक्काचा खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला.

२३.
म्हणून ‘सोवळे म्हणजे आपल्या पूर्वजांचे जंतुशास्त्र’ हा आजकाल वारंवार फिरणारा दावा तपासून घ्यावा लागतो. रोजचे स्नान, जेवणापूर्वी हातपाय धुणे, दूध तापवून ठेवणे, खरकटे लगेच काढणे या सवयींचा आरोग्याला लाभ होतो, हे मान्य. परंतु एखाद्या नियमामागचे तत्त्व कळते ते त्याच्या अपवादांवरून. जंतूंचा विचार असता, तर खोकणारा सवर्ण पाहुणा ओवळा ठरला असता आणि नुकताच आंघोळ केलेला निरोगी महार सोवळा. तसे कधी घडले नाही. सोवळ्यातील व्यक्तीचे ओवळे स्नानाने संपे. जन्माने लादलेल्या विटाळावर मात्र कोणतेही स्नान चालत नसे.

२४.
या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, वाईत, हा भेद एका संस्कृत पंडिताने शास्त्राच्या बाजूनेच मांडला. प्राज्ञपाठशाळेत घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी येरवडा तुरुंगातील गांधीजींना अस्पृश्यतानिवारणाच्या वादात धर्मशास्त्राचा आधार पुरवला, आणि १९३३ मध्ये देवदास गांधी व लक्ष्मी यांच्या आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्य केले. तेच पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. १९६० मध्ये स्थापन झालेले भाषा संचालनालय आणि वाईचा विश्वकोश यांनी आधुनिक विज्ञानासाठी मराठी परिभाषा रुजवली. मंत्रांची भाषा प्रयोगशाळेसाठी वापरण्याचे हे काम होते. ‘च्वि’ प्रत्यय शिकवणाऱ्या परंपरेतूनच ‘निर्जंतुकीकरण’ पाठ्यपुस्तकात पोहोचले.

२५.
तरी जुना अर्थ गेला नाही. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदीत गावी परतणाऱ्या मजुरांना उत्तर प्रदेशातील बरेली येथे रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशक फवारले गेले. मुलेही त्यात होती. महाराष्ट्रातही बाजार समित्यांच्या दारांशी फवारणीचे बोगदे उभे राहिले. एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला स्पष्ट सांगावे लागले, की माणसांवर अशी फवारणी करू नये. ती अपायकारक आहे आणि शरीरात शिरलेल्या विषाणूवर तिचा परिणाम होत नाही. विमानाने आलेल्यांवर कोणी पाइप रोखला नव्हता. १८९७ चा कार्बॉलिक, १९२७ च्या घागरी आणि २०२० चा पाइप यांत द्रव्ये वेगळी होती. ती कोणावर किंवा कोणामुळे ओतायची, हे ठरवणारी नजर फारशी वेगळी नव्हती.

२६.
शास्त्राच्या दृष्टीने तर ‘निर्जंतुक माणूस’ ही कल्पनाच अशक्य आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पेशींच्या जवळपास बरोबरीने. त्यांच्यामुळे अन्न पचते, काही जीवनसत्त्वे मिळतात, घातक जंतूंना जागा मिळत नाही. दुधाला विरजण लावणारी प्रत्येक गृहिणी जंतूंची शेतीच करत असते. तत्त्वतः चाकू, सुई, सलाइनची बाटली, जखमेची पट्टी या वस्तू निर्जंतुक होऊ शकतात. ब्राह्मण होऊ शकत नाही, महार होऊ शकत नाही, डॉक्टरही नाही. या शब्दापुढे सगळी माणसे सारखीच सजंतुक आहेत.

२७.
रुग्णालयातील निर्जंतुक हत्यारांचे पाकीट पाहिले, तर त्यावर एक पट्टी चिकटवलेली असते. वाफेचे तापमान पुरेसे झाले की तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. पाकिटावर दिनांक लिहिलेला असतो; तो उलटला की हत्यार पुन्हा वाफेत जाते. पाकीट उघडले, भिजले किंवा फाटले की दावा संपला. म्हणजे ‘निर्जंतुक’ हा शब्द एका वस्तूविषयी, ठराविक मुदतीसाठी, पडताळता येणारे विधान करतो, आणि कोणाच्याही जन्माविषयी काही बोलत नाही. मराठीला स्वच्छतेचा असा शब्द मिळाला, ही लहान गोष्ट नाही. तो वस्तूंपुरता ठेवणे आणि माणसांवर न फवारणे, एवढी जबाबदारी मात्र तो वापरणाऱ्यांवर येते.